हुलगे भिजत घालीन तेव्हा

तुझ्या कपाळात रेघ आहे. आजही सांगतो. जितेपणी तू मानलं नाहीस. आता नाही म्हणायला तू राहिली नाहीस, म्हणून मी जिंकलो असं काही समजत नाही. पण रेघ आहे. नाकाच्या वर, दोन भुवयांच्या मधून निघते आणि सरळ वर केसांत जाते. बोटाला लागते. माझ्या बोटाला लागते, दुसऱ्या कुणाच्या लागायची नाही.

मेडिकल कॉलेजात हाडं शिकवणाऱ्या आमच्या मॅडमनी निरोप पाठवला की कॉलेजच्या वार्षिक अंकात तुमच्या मंडळींबद्दल चार ओळी छापायच्या आहेत. नमुना म्हणून एक कागदही दिला. त्यात 'कैलासवासी' होतं, 'दुःखद निधन' होतं, 'मनमिळाऊ स्वभाव' होतं. मी कागद परत नेऊन दिला. म्हटलं, मनमिळाऊ कोण? आमची ही? तुम्ही तिला एकदाच भेटलात म्हणून. मॅडम हसल्या आणि मग किती तरी वेळ चष्मा पुसत बसल्या. "मग तुमच्या मनानं लिहा, मल्लप्पा," म्हणाल्या.

मी चौथी शिकलेला माणूस. माझ्या मनानं लिहायचं तर मला तुझ्याशीच बोलता येतं. तू कधी जन्मलीस ते तुलाच ठाऊक नव्हतं, आणि कशानं गेलीस ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ते दोन्ही मी लिहीत नाही. छापायचं तर छापा, नाही तर राहू द्या.

गिरणीत कापसाची धूळ खाऊन छाती भरायला लागली, तेव्हा मी गिरणी सोडली आणि नव्या मेडिकल कॉलेजात शिपाई लागलो. घरी सांगितलं, सरकारी नोकरी आहे. कुठल्या खात्यात ते सांगितलं नाही. तू बाया गोळा करून सांगत सुटलीस, आमचे हे आता डॉक्टर लोकांत असतात. महिनाभर चाललं ते. मग एक दिवस माझा सदरा धुवायला घेतलास आणि नाकाजवळ नेलास.

"ह्यो कसला वास म्हणायचा?"

"औषधाचा."

"कसलं औषध?"

"माणसं टिकायचं."

"माणसं टिकायचं औषध निघालंय व्हय? मंग आमच्या अव्वाला का न्हाय दिलं कुणी?"

"मेलेली माणसं," मी म्हटलं. "मेलेली टिकायचं."

सदरा तू तिथंच दगडावर टाकलास. त्या दिवसापासून माझ्या अंघोळीची बादली मागच्या अंगणात. अंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, आपल्या लिंगायतांत विटाळ मानत नाहीत, मठातले स्वामी तेच सांगतात की. "स्वामी सांगत्यात. भांडी मी घासते," तू म्हणालीस. मी रिटायर होईपर्यंत थंडी बघितली नाहीस, पाऊस बघितला नाहीस, मला उघड्यावर अंघोळ घातलीस. तेव्हा तक्रार केली नाही, आता करतो. जानेवारीत पाणी गार असायचं, आणि तू ते मुद्दाम गार ठेवायचीस.

माझं काम हाडांचं. डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचं शिकून झालं की जे राहील ते माझ्याकडे यायचं. उकळायचं, घासायचं, वाळवायचं, नंबर घालून पेटीत ठेवायचं. सोलापूरचं ऊन त्या कामाला लई चांगलं. हातापायाची हाडं सोपी. डोकं अवघड. लोकांना वाटतं डोकं म्हणजे एक नारळ. तसं नाही. बावीस हाडं आहेत. आठ मिळून मेंदूची पेटी होते, चौदा मिळून तोंड होतं. खालचा जबडा तेवढा सुटा, बाकी सगळी एकमेकांत शिवलेली. तू वाकळ शिवायचीस तसा सरळ टाका नव्हे. एका हाडाचे दात दुसऱ्याच्या दातांत अडकलेले, वेडीवाकडी शिवण, पण अशी पक्की की हातानं ओढून सुटायची नाही. हातोडी मारली तर शिवण तशीच राहते आणि हाड फुटतं.

पण शिकवायला ती सुटी लागतात. त्याची एक रीत आहे. कवटीच्या खाली, मान जुळते तिथं, मोठं भोक असतं. त्यातून कोरडं धान्य गच्च भरायचं, भोकाला बूच मारायचं आणि कवटी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. धान्य आत फुगतं. सगळीकडून सारखा जोर बसतो आणि शिवणी आपोआप उसवतात. मला ही रीत सांगितली होती, हातानं केलेली नव्हती. पहिल्यांदा करायची वेळ आली ती नेमकी दुष्काळाच्या साली.

रेशनवर लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळत होता, त्याच्या भाकरी थापता थापता तू शिव्या द्यायचीस. कॉलेजात डोक्यात भरायला धान्य मागितलं असतं तर लोकांनी मला बाहेर हाकललं असतं. मी घरातले हरभरे नेले. आपली शकू तेव्हा पहिलटकरीण, बाळंतपणाला येणार होती. तिच्या डोहाळजेवणाला पुरण घालायचं म्हणून तू डब्याच्या तळाशी फडक्यात बांधून ठेवलेले तेवढे. मी भरले आणि बादलीत सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत टक् करून आवाज झाला. कानशिलाचं हाड पातळ असतं, ते फुटलं होतं, आणि एक चीर पार डोळ्याच्या खोबणीपर्यंत गेली होती. चांगली कवटी होती. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. नुसतं बघितलं आणि निघून गेल्या.

संध्याकाळी तू डबा उघडलास.

"हरभरं कुटं गेलं?"

मी टोपी काढून खुंटीला लावली.

"उंदरानं फडकं सोडून खाल्लं व्हय?"

"डोक्यात भरले."

"कुणाच्या?"

"एका मेलेल्याच्या."

तू खाली बसलीस. मला वाटलं रडशील. पण तू रडणाऱ्यातली नव्हतीसच. "जित्या माणसाच्या प्वाटात घालायला न्हाय, आन तुमी मेलेल्याच्या डोस्क्यात पुरणाचं हरभरं भरलं!" आणि मग जे सुरू केलंस ते मराठीत संपलं तेव्हा कानडीत चालू केलंस, कारण वळसंगला तुझ्या माहेरात शिव्या कानडीतच शिकवतात. मी ऐकून घेतलं. शेवटी दम लागला तेव्हा विचारलंस, "मंग? निघाली का हाडं?"

"फुटलं. जोर जास्त झाला."

"फुटंल न्हाय तर काय! हरभरा आधाशी हाय, पाणी दिसलं की ढोसतोय. हुलगं घ्यायचं की. आमची हुरळी बघा, दमानं पेती, दमानं फुगती." हुलग्याला तुमच्यात हुरळी म्हणतात. एवढं बोलून तू उठलीस, आणि जेवायला वाढलं नाहीस.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डब्याशेजारी हुलग्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. निवडलेले. एक एक दाणा बघितलेला. मी विचारलं, डोक्यात भरायचेत, निवडले कशाला? "खडा राह्यला तर हाड चिरडंल. आन तुमाला काय, तुमी परत हरभरं न्याल." तू निवडलेल्या धान्यात खडा निघाला असं मला आठवतच नाही. तिसऱ्या दिवशी बादलीत हात घातला तर हाडं सुटी झाली होती, टवकासुद्धा न जाता. मॅडमनी विचारलं, कुणी शिकवलं? मी म्हटलं, मंडळींनी. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

फुटलेली कवटी, पुढं सगळी सुटी पडलेली, कॉलेजला नको होती. मी मॅडमना विचारून ती घरी आणली, सरस लावून जमते का बघावं म्हणून. पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक. उन्हाळ्यात सांडग्यांचं गाठोडं काढायला तू माळ्यावर चढलीस आणि पेपर सोडलास. आपल्या घरातून तुझी आरोळी गेली ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं ऐकली. मी धावत आलो. तू शिडीवर, हातात पेपर, आणि पेपर खाली टाकला नव्हतास. तेवढं माझ्या लक्षात राहिलं. घाबरलीस, पण टाकलं नाहीस.

खाली उतरून म्हणालीस, "सांगा आता. कुटलं काय हाय ते."

मी सांगायला लागलो. मला मॅडमनी शिकवलेली इंग्रजी नावं, जिभेला येतील तशी. हे कपाळ, फ्रंटल. ही दोन टाळूची, पराएटल. मागचं ऑक्सिपिटल. हे चाळणीसारखं, भोकं भोकं, नाकाच्या वर असतं, इथमॉइड. "चाळणच हाय की," तू म्हणालीस, "पीठ चाळायची." डोळ्याच्या कोपऱ्यातलं नखाएवढं हाड दाखवलं. त्याच्याजवळून आसवं नाकात उतरतात. ते काढताना माझ्या हातून कित्येक मोडलेत, इतकं नाजूक. मग मधलं काढलं, स्फेनॉइड. पंख पसरलेल्या वटवाघळासारखं दिसतं, डोक्याच्या पार मध्यावर, पेटीतल्या सगळ्या हाडांना धरून बसलेलं, आणि बाहेरून दिसतं ते कानशिलाजवळ एवढंसं. तू ते हातात फिरवून बघितलंस. "ही थोरली सून हाय. समद्यांना धरायचं आन कुणाला दिसायचं न्हाय."

आणि नाकाच्या पडद्यातलं ते पातळ हाड उचललंस. मी नाव सांगायच्या आधीच तू म्हणालीस, "ह्यो फाळ हाय. नांगराचा फाळ." दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे सांगितलं. त्या जागच्या उठल्या. त्या हाडाचं नाव व्होमर, म्हणजे डॉक्टर लोकांच्या त्या जुन्या लॅटिन भाषेत फाळच. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी कधी सोलापूर बघितलं नव्हतं, आणि तू कधी शाळा बघितली नव्हतीस. मॅडम म्हणाल्या, तुमच्या मंडळींना एकदा घेऊन या. तू म्हणालीस, "मला काय काम न्हाय व्हय?"

मी सरस लावून ती कवटी जमेल तशी जोडली आणि परत नेली. न्यायच्या दिवशी तू तिच्या कपाळाला तीन बोटं विभूती ओढलीस. मी म्हटलं, अगं, ही कुणाची, कुठल्या जातीची, आपल्याला ठाऊक नाही. "तिला तरी कुटं ठाऊक हाय आता," तू म्हणालीस. मॅडमनी ती विभूती पुसली नाही. पेटीत अजून तशीच आहे, फिकट झालीय.

आता रेघेचं सांगतो, कारण वार्षिक वाचणाऱ्यांना वाटेल म्हातारा खुळावला.

तान्ह्या बाळाचं कपाळ एक नसतं, दोन हाडं असतात, डावं आणि उजवं. वरसा-दोन वरसांत ती जुळतात आणि शिवण बुजून जाते. पण एखाद्याची जन्मभर बुजत नाही. माझ्याकडे तसं एक कपाळ निघालं, मधोमध शिवण. त्या संध्याकाळी तुझं अर्धं डोकं दुखत होतं म्हणून मी तेल चोळत होतो. अंगठा भुवयांच्या मधून वर नेला आणि थांबलो. "तुझं पण दोन तुकड्यांचं आहे," मी म्हटलं.

"तेल चोळा गप."

"खरंच सांगतो. रेघ लागतीय."

"म्हातारपणी सुरकुती लागंल न्हाय तर काय लागंल!"

तिथून जे भांडण सुरू झालं ते संपलं नाही. दुसऱ्या कुठल्या भांडणात मी हरलो की मी रेघ काढायचो, तू हरलीस की तू. "ज्येला बायकूचं डोस्कं कळत न्हाय त्यो लोकांची डोस्की उघडतोय," हे तर तू पाहुण्यांसमोर सांगायचीस. मी म्हटलं, कॉलेजात एक्सरे काढू, लगेच कळेल. तू म्हणालीस, "फोटू काढायचा तर इरकल नेसून काढीन. हाडांचा न्हाय काढायची." मॅडमनीही सांगितलं, अशी शिवण कातडीवरून हाताला लागत नाही, मल्लप्पा. मी त्यांचंही ऐकलं नाही. आणि मग एक दिवस भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "मी गेल्यावर बघा की. मंग कळंल कोण खरं."

मी हसलो. तू हसली नाहीस. परात बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "मला कॉलेजात द्या."

हे भांडण मात्र हसायचं नव्हतं. मी देहदानाचा फॉर्म आणला तो तू पिच्छा पुरवलास म्हणून, आणि आणला त्याच दिवशी फाडला. तुझ्या समोर फाडला. मला ठाऊक होतं ते तुला ठाऊक नव्हतं. तिथं काय होतं, कसं होतं, किती दिवस चालतं, हे मी रोज बघत होतो. मी ओरडलो की माझी बायको त्या टेबलावर जाणार नाही, बस.

तू शांतपणे विचारलंस, "लोकांच्या चालत्यात, तुमची चालत न्हाय?"

"ती बेवारशी असतात."

"मंग वारस हाय म्हणून माझी सुटका, आन त्येंना कुणी न्हाय म्हणून त्येंच्यावर शिकायचं?"

मी फाडलेल्या फॉर्मचे तुकडे वेचायला लागलो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या आया, दुसऱ्यांच्या बायका उचलून ठेवल्या, आणि एकदाही मनात आलं नव्हतं की कुणाची तरी असेल. अजून माझ्याकडे उत्तर नाही, गौरव्वा. नाव घेतलं बघ. आयुष्यभर 'अगं' म्हणत आलो, आता कागदावर घेतो. तुला काय करायचंय ते कर.

तू मला न सांगता एकटी रिक्षानं कॉलेजात गेलीस. मॅडमना भेटलीस, फॉर्मवर अंगठा दिलास, आणि येऊन सांगितलंस, "तुमची सही लागत्या म्हणल्या. जागा रिकामी ठेवलीया. कागद हुलग्याच्या डब्यात हाय." मी म्हटलं, राहू दे तिथंच. पुढं त्यावर तू एक शब्द काढला नाहीस. मीही नाही. दोन वर्षं तो कागद हुलग्यांत पडून होता, आणि आपण रेघेवर भांडत होतो.

मग तू गेलीस.

सकाळी दहाच्या आत अंगण भरलं. वळसंगहून तुझा भाऊ चन्नप्पा आला. अक्कलकोटहून शकू आली. आपल्या रीतीप्रमाणं तुला बसवायचं, विभूती लावायची, फुलांनी सजवायचं, हातात इष्टलिंग द्यायचं, स्वामींचा पाय डोक्याला लावायचा आणि बसल्या बसल्या मातीत ठेवायचं. चन्नप्पानं खड्ड्याला माणसं लावली होती. वाईट काही करत नव्हता. त्याची थोरली बहीण होतीस तू, कडेवर घेऊन वाढवलेलं होतंस त्याला. तो मला म्हणाला, "दाजी, चला, पानी घाला आक्काला."

मी स्वयंपाकघरात गेलो आणि हुलग्यांचा डबा काढला. कागद मधोमध होता. तुझा अंगठा निळा, जरा फिसकटलेला. त्याच्या खाली रिकामी जागा. मी उभाच राहिलो. बाहेरून चन्नप्पा हाक मारत होता. खरं सांगतो, मी तो कागद परत हुलग्यांत खुपसला होता. झाकण लावलं होतं. कुणाला कळलं नसतं. मॅडमनाही नाही, कारण सही नाही तर कागद नाही. मातीत ठेवलं असतं, चार लोकांनी जेवून नाव घेतलं असतं. मी झाकणावर हात ठेवून उभा, आणि कानात एकच. लोकांच्या चालत्यात, तुमची चालत न्हाय?

झाकण काढलं. कागद घेतला आणि अंगणात येऊन सगळ्यांसमोर सही केली. चौथीतली सही, पण पुरं नाव.

चन्नप्पाला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो माझ्या अंगावर आला. "दाजी, माणूस हाय का कसाई? आक्काला कापायला देताव?"

"तिनं दिलंय. मी सही केली."

"ती अडाणी बाई! तिला काय कळतंय!"

"तिला बावीस हाडं कळत होती," मी म्हटलं. "तुला किती कळतात, सांग."

लोक म्हणाले, ह्याचं डोकं फिरलं. हरकत घ्या, म्हणाले, पोरीनं हरकत घेतली तर कॉलेजवाले नेत नाहीत. सगळे शकूकडे बघायला लागले. शकू तुझ्या उशाशी बसली होती. मला वाटलं आता संपलं. ती मान वर न करता म्हणाली, "मामा, अव्वानं मलाबी सांगितलं हुतं. माझी हरकत न्हाय." आणि मग ती जी रडली ती तुझ्या भावाच्याच गळ्यात पडून.

चन्नप्पानं आपल्या घरचं पाणी घेतलं नाही. पण जाताना परत फिरला. "लिंग तरी द्या," म्हणाला. मी तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग सोडलं. त्यानं धोतराच्या पदरात, दोन्ही हातांत घेतलं. तुझं इरकल लुगडंही दिलं. त्यानं ते वळसंगला आपल्या रानात मातीत ठेवलं म्हणे, खड्डा तेवढाच खोल काढून. त्याच्यावर माझा राग नाही. त्याचंही माझ्यावरचं बोलणं खोटं नव्हतं. पण मी माफी मागणार नाही. त्याच्यापाशी नाही, गल्लीपाशी नाही. परवा कट्ट्यावर कुणीतरी मागून बोललं, बायको कापायला दिली. मी परत फिरून समोर उभा राहिलो. म्हटलं, व्हय, दिली. उद्या तुझं पोट फाडायची वेळ आली तर तो डॉक्टर कुणावर शिकला, ते विचारून मगच टेबलावर चढ. तेव्हापासून कट्ट्यावर मी आलो की लोक उठतात. मला बसायला जागा भरपूर होते.

कॉलेजच्या गाडीबरोबर मी गेलो. तुला मी आत नेलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मॅडमना एकच सांगितलं. बाकी तुमचे जे नियम असतील ते असतील, पण डोक्याला करवत लावायची नाही. मेंदू बघायला कवटी करवतीनं कापतात, मला ठाऊक आहे, मीच धरून ठेवायचो. तुझी नाही. तुझी सबंध ठेवायची, हाडांच्या पेटीसाठी, आणि ते काम मी करणार, रिटायर असलो तरी. मॅडमनी लिहून घेतलं. म्हणाल्या, वर्षभर लागेल, मल्लप्पा. म्हटलं, लागू द्या.

घरी आलो आणि पाय उंबऱ्याशी अडले. अंगणात बादली नव्हती. ठेवणार कोण? तसाच आत गेलो असतो तर कुणी बोललं नसतं. मी आडातून पाणी काढलं, गारच, आणि उघड्यावर अंघोळ केली. तिथं रडलो. डोळ्याच्या कोपऱ्यातलं ते नखाएवढं हाड अजून शाबूत आहे माझं, एवढं त्या दिवशी कळलं. सदरा मात्र धुतला नाही. त्याला तोच वास आहे, ज्याच्यावरून तू मला बाहेर काढलंस. या वेळी तो तुझ्यामुळं लागलाय. घरात, खुंटीला, देवाच्या खोलीच्या बाहेर टांगलाय. काढायला येतेस तर ये.

गल्लीत म्हणतात, म्हातारा वर्षभरात तिच्या मागं जाईल. अशी जोडपी जातात म्हणे. मी जाणार नाही. माझं काम बाकी आहे. दोन भाकरी मी स्वतः थापतो, वाकड्या होतात, खातो. औषध घेतो. सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत चालून येतो, चार लोकांच्या तोंडावर. माझ्या आधी दुसऱ्या कुणाच्या हातात तुझं डोकं गेलं आणि त्यानं घाईनं हरभरे भरले तर? तेवढ्यासाठी मला जगायचंय.

तुला एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगतो. म्हाताऱ्या माणसाच्या शिवणी बुजत जातात. हाड हाडात मुरतं. तुझी उघडेल की नाही, मलाही ठाऊक नाही. मॅडम म्हणाल्या, या वयाची बहुतेक उघडत नाही, उगाच जोर करू नका. जोर मी कधी केलाय तुझ्यावर? केला तेव्हा काय मिळालं? हुलगे भरीन, बूच मारीन, बादलीत सोडीन आणि शेजारी स्टूल टाकून बसेन. तीन दिवस, चार दिवस. सुटलीस तर बावीसच्या बावीस नीट पुसून मांडीन. आणि रेघ खरी निघाली तर तेवीस. हट्टानं घट्ट राहिलीस तर तशीच सबंध वाळवीन, आपल्या उन्हात. पण आधी कपाळ बघीन. असली तर या गल्लीत उभा राहून ओरडीन. नसली तर तिथंच, मॅडमच्या समोर, कान धरीन आणि म्हणेन, गौरव्वा खरी होती. पण आहे. माझं बोट खोटं बोलत नाही.

आज दुपारी हुलग्यांचा डबा काढला. वर्ष आहे अजून, पण हाताला काहीतरी हवं होतं. सुपात ओतले, दारात उजेडाला बसलो. तूच निवडून भरलेला डबा, तुझ्याच हातचा. तीन खडे निघाले.

तुझी नजर गेली होती, आणि तू मला सांगितलं नाहीस. या एका गोष्टीसाठी मी तुला सोडणार नाही. भेटशील तेव्हा आधी हे भांडण, रेघेचं नंतर.